देवीला रविवार नसतो

तुळशीची लग्नं लागली की या सदराचं टपाल फुगतं. बाकी वर्षभर तुम्ही मला एसटीच्या सवलतींबद्दल विचारता. कार्तिकात मात्र एकच विषय, जत्रा. माझी नोकरी सिंधुदुर्गातल्या एका स्टँडच्या कंट्रोल केबिनमध्ये गेली. कुठल्या तिथीला कुठल्या गावाला जादा गाडी सोडायची हे त्यामुळे डोक्यात पक्कं बसलंय. संपादकांनी ते ओळखलं आणि हे सदर माझ्या गळ्यात मारलं. या अंकात जत्रेचीच पत्रं घेतो. नावं छापत नाही, गाव तेवढं देतो.

आम्ही दोघंही नोकरी करतो. शुक्रवारी रात्री निघायचं आणि सोमवारी सकाळी ऑफिसात हजर, एवढाच वेळ. 8 आणि 9 नोव्हेंबरला सिंधुदुर्गात बघण्यासारख्या जत्रा कुठल्या? यादी मिळेल का? (ठाणे)

यादी देत नाही. आळस म्हणून नव्हे. जत्रा ठरते तिथीवर आणि तुम्ही विचारताय वार. यंदा, म्हणजे 2025 साली, त्रिपुरारी पौर्णिमा 5 नोव्हेंबरला, बुधवारी आली. गेल्या वर्षी ती 15 नोव्हेंबरला शुक्रवारी होती. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे ती थेट 24 नोव्हेंबरला, मंगळवारी. सावंतवाडी तालुक्यात सोनुर्लीच्या माउली देवीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरारीनंतर लगेच असते. म्हणजे यंदा तुम्ही सावंतवाडीत उतराल तेव्हा तिथले मंडप सुटत असतील.

पण निराश होऊ नका. त्रिपुरारीपासून पुढे आमच्याकडे रोज रात्री कुठे ना कुठे जत्रा असतेच. कुठे सातेरीची, कुठे रवळनाथाची, कुठे लिंगेश्वराची. शोधायची रीत सांगतो. स्थानिक दैनिकात आतल्या पानावर आज कुठल्या दशावतार कंपनीचं नाटक कुठल्या गावी ते छापून येतं. बाकी बातम्या चाळत बसू नका, आधी ती चौकट शोधा. नाटक जिथे, तिथे बहुतेक वेळा जत्रा. पेपर हाताशी नसेल तर कुडाळ किंवा सावंतवाडीच्या स्टँडबाहेर चहा घ्या आणि चहावाल्याला विचारा, "आज खंयची जत्रा?" तो चार गावं सांगेल आणि त्यातल्या कुठल्या गावात तुम्ही जाऊ नये तेही सांगेल.

मुक्काम कुडाळला करा, सगळ्या बाजूंना सोयीचं पडतं. दुपारी देवळात जाऊन ओटी, नारळ करून या, जेवून थोडं झोपा आणि रात्री पुन्हा जा. संध्याकाळी सात ते नऊ मंडळी येतात, फोटो काढतात आणि "काहीच नव्हतं हो" म्हणत परततात. त्या वेळेला खरंच काही नसतं. गाव जेवायला घरी गेलेलं असतं.

त्या दोन दिवसांत काहीच जमलं नाही तर वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं दर्शन घ्या. त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. त्याला जत्रेची वाट बघावी लागत नाही. आणि तुम्हाला वारच हवा असेल तर आत्ताच लिहून ठेवा: 2026 ची महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला आहे आणि तो चक्क रविवार आहे. देवगड तालुक्यात कुणकेश्वरची यात्रा तेव्हा भरते. देऊळ समुद्राला लागून, आणि गावोगावच्या देवस्वाऱ्या समुद्रस्नानाला तिथे येतात. असा योग दरवर्षी नसतो.

सोनुर्लीला कधी गेलात तर एक पाळा. रात्री पालखीनंतर नवसाची लोटांगणं सुरू होतात. पुरुष आडवे होऊन देवळाभोवती लोळत जातात, बायका उभ्यानं घालतात. त्या माणसानं दिवसभर उपास केलेला असतो, अंगाला माती लागलेली असते आणि डोळे मिटलेले असतात. त्याच्या वाटेत मोबाइल धरून उभं राहायचं नाही. मी एकाला दंडाला धरून बाजूला घेतलंय, आणि पुन्हाही घेईन.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची तारीख पंचांगात नसते, कौल घेऊन ठरते असं म्हणतात. मग 2023, 2024 आणि 2025 तिन्ही वर्षी शनिवारच कसा आला? आमच्या ऑफिसातला एक जण म्हणतो, देवी पण आता वीकेंड बघते. (डोंबिवली)

त्याला सांगा, 2022 साली 24 फेब्रुवारी होती आणि तो गुरुवार होता. तेव्हा तुमच्या ऑफिसातले किती जण रजा टाकून गेले ते विचारा. बाकी तारखा तुमच्या बरोबर आहेत: 4 फेब्रुवारी 2023, 2 मार्च 2024, 22 फेब्रुवारी 2025, तिन्ही शनिवार. त्यावरून काय अर्थ काढायचा तो ज्याचा त्यानं काढावा. तारीख आंगणे मंडळी देवीला विचारून ठरवतात. त्यात बाहेरच्यानं नाक खुपसू नये असं माझं मत आहे.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. तारीख जाहीर होते साधारण दोनेक महिने आधी. रेल्वेचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, तेव्हा तारीख कळेपर्यंत कोकणकन्या आणि तुतारी भरून गेलेल्या असायच्या. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. त्यामुळे आता तारीख कळल्या कळल्या हालचाल केलीत तर जागा मिळण्याची आशा असते. नाहीच मिळाली तर जत्रेच्या जादा गाड्या सुटतात, पण त्यांची घोषणा उशिरा होते.

गर्दीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण आंगणेवाडीला लाखांनी माणूस येतो आणि जत्रा दीड दिवसाची. मालवण, कणकवली, कुडाळ अशा वेगवेगळ्या बाजूंच्या एसट्या वेगवेगळ्या ठिकाणी लागतात. उतरल्यावर आधी मागे वळून आपली गाडी कुठे लागली ते बघून ठेवा. जत्रेत चुकलेल्यांपैकी निम्मे देवळात नाही, गाडीतळावर चुकतात. मुलांच्या खिशात घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मोबाइलला तिथे रेंज मिळेल याची खात्री धरू नका. आणि रांग रेटायला लागली की बाजूला व्हा, दर्शन राहिलं तर राहिलं. 25 जानेवारी 2005 ला वाईजवळ मांढरदेवीला चेंगराचेंगरीत तीनशेच्या आसपास माणसं गेली. 2025 च्या मे महिन्यात गोव्यात शिरगावला लइराई देवीच्या जत्रेतही माणसं दगावली. दोन्हीकडे लोक देवदर्शनालाच आले होते.

वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर दुसऱ्या दिवशी, मोडजत्रेला जा. दर्शन शांतपणे होतं आणि दुकानदारही भाव पाडायला तयार असतो.

नऊ आणि बारा वर्षांची मुलं आहेत. त्यांना दशावतार दाखवायचा आहे, पण रात्रभर बसतील का? मालवणी कळत नाही. तिकीट किती, आणि मधूनच उठून आलं तर चालतं का? (पुणे)

तिकीट नाही. जत्रेच्या नाटकाचं मानधन देवस्थान देतं, गाव देतं किंवा कुणाचा नवस असतो. मधे तबक फिरतं, त्यात तुमच्या मनाला येईल ते टाका. हात आखडता घेऊ नका, एवढंच. मुलांच्या हातून टाकायला लावा.

उठून यायला हरकत नाही, गावचे लोकही जाऊन चहा घेऊन येतात, शेजारच्याला "खंय पावला?" विचारून परत बसतात. पण तुमचा बेत उलटा करा. लवकर जाऊन लवकर उठण्यापेक्षा मुलांना दुपारी झोपवा आणि रात्री दहाला न्या. अकराच्या सुमारास पालखी निघते. ढोल-ताशे, अब्दागिरी, पुढे मशाल, मागे सगळा गाव. देवळाभोवती प्रदक्षिणा होते. पालखी आत गेली की मग नाटक. वेळ गावागणिक बदलते, पण क्रम बदलत नाही.

आधी आडदशावतार होतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते आणि मग संकासूर. काळा पायघोळ वेष, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. बोलणं अस्सल मालवणी आणि चावट. तुमच्या मुलांना एक शब्द कळणार नाही आणि ती सगळ्यात जास्त त्याच्याच वेळी हसतील. गावचे सरपंच, रस्त्यावरचे खड्डे, नुकतंच लग्न ठरलेला पोरगा, कुणालाही तो सोडत नाही.

मालवणीची चिंता सोडाच, कारण पुढचं मुख्य आख्यान बऱ्यापैकी शुद्ध मराठीत असतं. राजा, ऋषी, देव भारदस्त बोलतात, मालवणी येते ती गमतीच्या पात्रांच्या तोंडी. आणि ते सगळं संहितेशिवाय! नाटकाआधी तासभर देवळाच्या बाजूच्या पडवीत जा, तिथे रंगपट असतो. कुणी हाकलत नाही, नम्रपणे उभं राहिलं की झालं. जमिनीवर चटया, प्रत्येकाची आपापली ट्रंक. झाकण उघडून त्याला आरसा टेकवलेला, समोर रंगाच्या डब्या. रंगवायला वेगळा माणूस नाही, जो तो आपला चेहरा आपण रंगवतो. स्त्रीपार्टी नट नऊवारी नेसताना बघा: दाताखाली पिना धरलेल्या, एक पाय ट्रंकेवर, निऱ्या बोटांनी मोजत. समोरून कुणी चहा दिला की मान हलवून "थांब" म्हणतो, कारण तोंड उघडलं तर पिना पडतील. एवढ्यात कंपनीचा मालक फिरत फिरत आख्यान सांगतो. आज हा राजा, ही राणी, वनात भेट, ऋषीचा शाप, मग तुझी नि याची लढाई. झाली तालीम. पुढचे चार-पाच तास जे काही बोलतात ते त्यांचं त्यांनी तिथल्या तिथे जुळवलेलं. समोरचा राजपार्टी पुराणातला दाखला काढून कोंडीत पकडतो आणि याला त्याहून जुना दाखला काढून सुटावं लागतं. म्हातारी माणसं तेच ऐकायला पुढे बसलेली असतात.

सामान म्हणाल तर एक बाकडं. राजा बसला की सिंहासन, त्यावर उभा राहिला की डोंगर, आडवा झाला की शय्या. बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. लढाई सुरू झाली की झांजेची लय चढते आणि दोघं तलवारी घेऊन गोल फिरतात. त्या वेळी मुलं झोपली असतील तर उठवा.

मुलांना आपल्याजवळ खुर्चीवर बसवू नका. पुढे चटईवर गावची पोरं बसलेली असतात, तिथे सोडून द्या. पहाटे दहिकाला होतो, हंडी फुटते आणि प्रसाद मिळतो. तोवर जागलीच तर तुमच्याआधी तीच म्हणतील, उद्या कुठे आहे?

एक निवड तुमच्यापुढे येईल. काही पाट्यांवर "ट्रिकसीनयुक्त" असं लिहिलेलं असतं, काहींवर "संयुक्त दशावतार". ट्रिकसीनमध्ये धूर, दिवे, उडणारे साप वगैरे असतात; मुलांना आवडतं. संयुक्त म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांतले नावाजलेले नट एका रात्री एकत्र. मला विचाराल तर पहिल्यांदा बघणाऱ्यानं जत्रेतलं साधं नाटक बघावं. धूर काय, कुठेही बघता येतो.

काका, माझं वय 27. आमच्या गावच्या मुंबई मंडळाच्या बैठकीत आम्ही तरुणांनी ठराव मांडला की जत्रा तिथीऐवजी जवळच्या रविवारी घ्यावी. गावात निम्म्याहून जास्त घरांना कुलूप, माणसं सगळी मुंबईत. गणपतीला रजा मिळते, जत्रेला मागितली की साहेब हसतो. गावच्या मानकऱ्यांनी फोनवर इतकं सुनावलं की आता मंडळातच दोन तट पडलेत. आमचं काय चुकलं? (परळ)

चुकलं काही नाही रे बाबा. जत्रेला यायचंय म्हणूनच ठराव मांडलास ना. ज्याला यायचंच नाही तो ठराव कशाला मांडेल? तरीही ठराव मागे घे. मानकरी रागावले म्हणून नको, देव कोपेल म्हणूनही नको. मी केबिनमध्ये बसून जे बघितलं त्यावरून सांगतो.

तुझ्या गावच्या जत्रेत खाजं (गुळात घोळलेल्या बेसनाच्या कांड्या) विकायला जो माणूस बसतो, तो काल शेजारच्या गावात होता आणि उद्या खाडीपलीकडच्या गावात असतो. टेम्पोत कढई, गुळाची ढेप, ताडपत्री आणि बायको-पोरं. फुगेवाला, बांगडीवाला, पाळणेवाला, मंडप-लायटिंगवाला, सगळ्यांची तीच फिरती. दशावतार कंपनीचं तर पिढ्यान्‌पिढ्यांचं ठरलेलं असतं: अमुक देवळाची अमुक तिथी या कंपनीची. काल तिथे, आज इथे, उद्या आणखी कुठे. कार्तिकापासून शिमग्यापर्यंत अशी एकामागून एक रात्र लागलेली असते आणि त्यावर त्या माणसांचं वर्षाचं पोट असतं. कुणी कागदावर आखलेलं हे वेळापत्रक नाही, पण आमच्या डेपोच्या वेळापत्रकापेक्षा पक्कं चालतं.

आता तू रविवार घे. तुझं बघून शेजारचं गाव रविवार घेणार, कारण त्यांचीही पोरं परळलाच आहेत. मग तिसरं. एकाच रात्री दहा गावच्या जत्रा. कंपनी एक, खाजेवाला एक, आणि एसटी? आम्ही रोज एक-दोन जादा गाड्या कशाबशा काढायचो. एका रात्री दहा गावांना सोडायला गाड्या आणि ड्रायव्हर आणायचे कुठून? आणि सोमवार ते शनिवार त्या खाजेवाल्यानं करायचं काय?

अजून एक. तुझी आत्या शेजारच्या गावात दिली असेल. तिच्या सासरची जत्रा वेगळ्या दिवशी, माहेरची वेगळ्या दिवशी, म्हणून ती सासरी ओवसा-ओटी करून माहेरच्या देवीची ओटी भरायला येऊ शकते. दोन्ही एका रविवारी आणलीस तर तिनं कुठे जायचं? बैठकीत हा प्रश्न कुणी विचारला होता का? बैठकीला बायका किती होत्या?

तरी तुझी अडचण खरी आहे आणि गावानं ती ऐकून घेतली पाहिजे. फोनवर सुनावणाऱ्या मानकऱ्यांनाही माझं सांगणं आहे: वर्गणीची पावती मुंबईला पाठवताना माणूस आपला असतो, मग मत मांडताना तो उपरा कसा होतो? पालखीला खांदा द्यायला माणसं कमी पडतात हे तुम्हीच मागच्या खेपेला कबूल केलंत ना?

मला सुचतं ते असं. देवाचं देवाच्या तिथीला राहू दे: पूजा, ओटी, पालखी, नाटक. जे आपलं आहे ते रविवारी घ्या. गुणवंत मुलांचे सत्कार, मंडळाची वार्षिक सभा, हळदीकुंकू आणि एक झकास डबलबारी, म्हणजे भजनाचा सामना. डबलबारी सरकवायला कुणाची ना नाही. दोन बुवा समोरासमोर, एकानं आपल्या बारीत अभंग, गौळण, गजर म्हणत प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं आपल्या बारीत उत्तर देऊन उलट टाकायचा. पखवाज पहाटेपर्यंत थांबत नाही. जत्रेला लागून येणारा शनिवार-रविवार धरलात तर गाव दोनदा भरेल आणि त्या खाजेवाल्यालाही एक रात्र वाढीव मिळेल.

आणि रजेचं म्हणशील, तर आंगणेवाडीला जाणारा माणूस तारीख कळल्यावर दोन महिन्यांत रजा काढतो. तुला तर तुझ्या गावची तिथी जन्मापासून माहीत आहे. जानेवारीतच पंचांग काढ, तारीख बघ आणि साहेबाला लेखी दे. सगळ्यांना एकदम नाही मिळणार. घरातला एक जण यंदा, दुसरा पुढच्या वर्षी, असं ठरवा. पण कुलूप उघडलं पाहिजे.

तिथीला एकदा ये आणि गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीनं देवाला घातलेलं साकडं, नीट ऐक. "बा देवा महाराजा" म्हणून सुरुवात झाली की गावातल्या माणसांनंतर मानकरी काय म्हणतो? "जी लेकरां मुंबैक आसत, तेंका सुखी ठेव, तेंच्या नोकरीधंद्याक यश दी." आणि सगळा गाव म्हणतो, "व्हय महाराजा." तुमची हजेरी तुम्ही नसताना लागत होती.

माझं माहेर मालवण तालुक्यात. गेल्या वर्षी वडील गेले. आई दरवर्षी देवीची ओटी भरायची, यंदा म्हणते, "आता माझं काय काम तिथं, तूच भर." मला ते बघवत नाही. तिनं ओटी भरली तर चालेल का? कुणी देवळात काही बोललं तर? (कल्याण)

ताई, चालेल. मी शास्त्री नाही, त्यामुळे शास्त्राचा आधार मागू नका. बघितलेलं सांगतो.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गेले तेव्हा तिनंही हेच म्हटलं होतं. आम्ही तिला दुपारी नेलं. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, विडा, सगळं तिनंच लावलेलं, नेहमीसारखं. रांगेत उभी राहिली तेव्हा हात थरथरत होते, ताटातली सुपारी सारखी घरंगळत होती. गुरवानं ताट घेतलं, नारळ देवीपुढे ठेवला, खण लावला, प्रसादाचं फूल हातावर दिलं आणि पुढच्या बाईकडे वळला. मागून एक बाई म्हणाली, "सरा गे बाय फुडे." तेवढंच बोलणं झालं, आणि तेही रांग अडली होती म्हणून. बहीण बाहेर येऊन दीपमाळेजवळ बसली आणि म्हणाली, "चहा मिळत काय रे?"

सगळ्या गावांत असंच होईल असं मी म्हणत नाही. एखादी बाई कुजबुजेलही. म्हणून रीत सांगतो. दुपारी दोन ते चारच्या मधे जा, तेव्हा रांग लहान असते आणि गुरवही घाईत नसतो. आदल्या दिवशी भावाला किंवा चुलत्याला गुरवाच्या कानावर घालायला सांगा, पण परवानगी मागायची नाही. "आई उद्या येतेय" एवढंच. आणि ताट दोघींनी मिळून धरा. तुमच्या बोलण्यापेक्षा तुमचा हात सोबत असला तर आई जास्त ऐकेल.

साडीचं म्हणाल तर भारंभार पॉलिस्टरच्या साड्या वाहू नका. त्या पुढे पावणीत, म्हणजे देवळाच्या लिलावात, निघतात आणि तिथे त्यांना कुणी फारसं विचारत नाही. एक सुती खण पुरतो. नारळाला मात्र पावणीत चांगली बोली लागते आणि तो पैसा देवस्थानाकडेच जातो.

खाजं घरी आणेपर्यंत मऊ पडतं. चांगलं कसं ओळखायचं? (नाशिक)

मोडून बघा. बेसनाची कांडी कडकन वाजली पाहिजे आणि गुळाचं आवरण बोटाला चिकटता कामा नये. चिकटलं तर पाक कच्चा राहिलाय. तोंडात टाकल्यावर आधी गूळ, मग पाठोपाठ आल्याचा झणका आला पाहिजे. आलं लागलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा. पांढरं, साखरेतलं घेऊ नका. गरम असताना पिशवी बांधून घेऊ नका, वाफेनंच मऊ पडतं. कागदात घ्या, निवू द्या, मग डब्यात भरा. आणि लागेल त्याच्या दुप्पट घ्या, कारण कुडाळला गाडीत बसलात की निम्मं रत्नागिरी यायच्या आत संपतं.